हौद सूनबाईच्या नावे, अट नाही

मुला, कागद वाचायला घेतलास ना? मग आधी उठ आणि गॅस बंद केलास का ते बघून ये. मी थांबते. मेलेल्या बाईला कसली घाई?

आलास? तर मी, गवंड्याची बायको, वय एक्क्याऐंशी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना, ही माझी शेवटची इच्छा लिहवून घेत आहे. दोन महिन्यांपूर्वी मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून लेकीच्या घरी पडून आहे. मोडलं ते हाड, डोकं नाही. मला अक्षरओळख नाही, म्हणून वकिलांचे कारकून लिहीत आहेत. त्यांचे सुस्कारे लिहिलेले नाहीत.

एक. बँकेतली शिल्लक लेकीला. ती माझं सगळं अंथरुणात करते आणि तोंड वाकडं करायचं झालं तर स्वयंपाकघरात जाऊन करते.

दोन. आमच्या यांची थापी, ओळंबा आणि गुण्या मुलाला. खिळा ठोकताना तो स्वतःचं बोट ठोकतो, तेव्हा वस्तू शोभेलाच ठेवाव्यात.

तीन. राहतं घर आणि त्याच्या पुढच्या खोलीतला हौद सूनबाईच्या नावे. कारकून म्हणाले, "आजी, मासे मृत्युपत्रात बसत नाहीत."

म्हटलं, "कागद जरा सरकवा, बसतील."

काम सुटल्यावर यांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि पाकट मासे पाळायला गुडघाभर उंचीचा हौद बांधला. चपटे, गोल, शेपटीला विषारी काटा असलेले मासे. कडा खरचटू नयेत म्हणून कोपरे गोल केले. वाळू तीनदा चाळली. पाणी गरम ठेवणाऱ्या कांडीवर मासा बसला तर भाजतो, म्हणून तिला जाळीचा पिंजरा केला. जन्मभर लोकांच्या मोऱ्या बांधणारा हा माणूस स्वतःच्या हौदाला तळाशी भोक ठेवायला विसरला! तेव्हापासून दर आठवड्याला पाणी बादल्यांनी उपसावं लागतं. मासे दोनच, दोन्ही माद्या. एकीचं नाव ताटली, दुसरीचं परात. हे गेले आणि दोघी माझ्या गळ्यात पडल्या.

पाणी बिघडलं का ते बघायला एक नळी असते. पाण्यात थेंब टाकायचे आणि रंग कार्डाशी जुळवायचा. पिवळा म्हणजे ठीक, हिरवा म्हणजे पाण्यात विष. जन्मात मला वाचता आलेला हा एकच कागद. रोज वाचायची, मोठ्या तोऱ्यात.

एकदा सूनबाई म्हणाली, "आई, हे पिवळं नाही हो, हिरवं आहे. पाणी बदलूया."

मी म्हटलं, "तुझी पुस्तकं तू वाच. एवढं मला वाचता येतं."

पाचव्या दिवशी ताटली उलटी होऊन तरंगली. आदल्या दिवशी सूनबाईने इस्त्रीसाठी तासभर हौदात हवा सोडणारी मोटार बंद केली होती. मी सगळ्यांसमोर तिलाच दोषी धरलं. त्या दिवसापासून तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

पुढे माझा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली तशी मी नळी घेऊन बसले. जो रंग मी पिवळा म्हणत होते, तो हिरवागार होता.

याला तीन वर्षं झाली. ताटली माझ्या हट्टाने मेली, हे मी आज पहिल्यांदा बोलते आहे.

कारकून म्हणाले, "आजी, हे आत्ताच फोन करून सांगा की त्यांना."

लावते हो फोन. रोज लावते. ती "बोला आई" म्हणते आणि मी विचारते, जेवलीस का.

आता परातीकडे मुलगा बघतो. म्हणजे दोन आठवडे विसरतो आणि तिसऱ्याला बादली शोधतो. दुकानदार एवढी मोठी परत घेत नाही. वकील म्हणाले, मासा सांभाळला तरच घर, अशी अट घाला. मी नाही घालणार. तिच्यावर आळ घातला तेवढा पुरे. सूनबाई, घर तुझं. परात ठेव नाहीतर कुणाला दे. इथून मला बादलीसुद्धा उचलता येत नाही, तुला काय सांगू?

साक्षीदार: शेजारचे शिंपीदादा (सही). हाडाच्या डॉक्टरीणबाई (सही).
लिहून देणार: डाव्या हाताचा अंगठा.
ठिकाण: लेकीच्या घरची मागची खोली. सोमवार, ९ मार्च २०२६.

अंगठ्याखाली एवढं लिहा. बाकीचा कागद माझ्या मागे उघडायचा, ते कळलं. पण परात चार दिवस खात नाही, असं मुलगा काल म्हणाला. ती तोवर थांबणार नाही. कारकूनसाहेब, ताटलीचं लिहिलंत तेवढं वेगळ्या पानावर उतरवून घ्या आणि आज जाताना सूनबाईच्या हातात द्या, मुलाच्या नको. सोबत गळाचं सामान विकतो त्याच्याकडची ओंजळभर गांडुळं न्या. जिवंत हवीत, धुतलेली, न कापलेली.