दुखणे तिचे, नाडी माझी

मु. रिद्धपूर,
माघ महिना, सन १९६२

सर्वगुणसंपन्न देवमनजी यांस पुंजाजीचा रामराम.

पोळ्याला आलेल्या तुमच्या पत्राचे उत्तर माघात लिहीत आहे, माफी असावी. तुमची प्रकृती, सुंदराबाईंचा खोकला आणि नवी म्हैस, तिघांचेही कुशल कळवावे (म्हशीचे आधी कळवले तरी राग नाही).

उशिराचे कारण तुमच्या बहिणीचे दुखणे. भागीरथेचे अंग दोन वर्षांपासून दुखते. मान, पाठ, बोटांची पेरे. आणि सकाळी उठते तीच थकलेली. डॉक्टरकडे चल म्हटले की म्हणते, "मले काय धाड भरली? डॉक्टर काय भाकरी थापून देते?" शिवाय परक्या पुरुषाच्या हाती मनगट देणार नाही. मी विचार केला, दुखणे तोंडानेच सांगायचे असते, मग ते मी सांगितले तर काय बिघडते? तिचे दुखणे पाठ केले आणि एकटाच अमरावतीच्या मोटारीत बसलो.

पहिल्या वैद्यबुवांनी माझी नाडी धरून डोळे मिटले. मीही मिटले. ओव्याचा वास, बाहेर सरकीच्या बैलबंड्यांची घुंगरे, मला गुंगीच आली. "बाबाजी, नाडी त बैलावानी चालून राहिली!" असे म्हणूनही त्यांनी तेल दिले, रोज अंग चोळून घ्या म्हणाले. हे तेल तुझ्यासाठीच म्हणून घरी सांगितले, तर तिला पटेना. औषध ज्याच्या नावाचे त्यालाच लागते म्हणे. आता रोज तीच मला चोळते. दुसऱ्या, सुईवाल्या डॉक्टरांनी दूध आणि दुपारची झोप सांगितली. दूध ती तापवते, झोप मी घेतो. खोलीतल्या कापसाच्या ढिगावरून एखादा पुंजका उठून उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहतो, त्याच्याकडे पाहता पाहता मलाही कुठे कुठे दुखू लागते (खरेच दुखते, हसू नका), आणि माझी झोप मोडू नये म्हणून ती भांडी हलक्या हाताने घासत असते.

तिसरे साखरेच्या गोळ्यांचे डॉक्टर. ते स्वप्ने विचारतात. तिची स्वप्ने मला ठाऊक नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात विचारलीच नव्हती (तुम्ही तरी कुठे विचारली असतील). घरी येऊन विचारले. तिने चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाली, सारे वावर फुटून पांढरे झाले आहे, ती कमरेची ओटी सोडून ओळीतच निजली आहे, कापूस आपला आपण बोंडातून निघून तिच्या अंगावर येऊन पडतो, हलका हलका, आणि कोणी हाक मारत नाही.

हे स्वप्न मी डॉक्टरांना माझे म्हणून सांगितले. त्यांनी चष्मा काढला. "बाबाजी, कापूस वेचाले तुमी ओटी कधी बांधली होती?" (वेचणी बायांची, हे त्यांना शहरात राहूनही ठाऊक!) "ज्याचं दुखणं त्याले आणा," ते म्हणाले, आणि गोळ्या दिल्या नाहीत.

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
पुंजाजी

ता. क. : हे पत्र खरे तर एवढ्यासाठी. तुमच्या अकोल्यात एक डॉक्टरीणबाई आल्याचे ऐकतो. भागीरथा विसाव्यासाठी माहेरी येणार नाही, कामासाठी येईल. म्हणून सुंदराबाईंना बरे नाही, पापड अडले आहेत, असे लिहा आणि स्वतः न्यायला या. सुंदराबाईंच्या निमित्ताने दोघींना डॉक्टरीणबाईंकडे न्या. पापड करू देऊ नका. (पत्र तिला मीच वाचून दाखवतो, तेव्हा धीटपणे लिहा.)

आणखी ता. क. : मी आजारी म्हणून ती घर सोडणार नाही, हे ध्यानात आल्यावर मी काल बरा झालो. त्या आनंदात तिने आज दिवसभर पाट्यावर पुरण वाटले. डॉक्टरीणबाईंना सांगा, कुठे दुखते ते तिला विचारू नका, काही नाही म्हणेल. ती खालून उठते तेव्हा पाहा. आधी डावा हात जमिनीला टेकते, अर्ध्यावर थांबते, आणि कोणी पाहत असले तर हसते. दुखते ते तेव्हा. लवकर कळवा, देवमनजी.