अर्ध्यावर तुटलेल्या वाक्यासह माझ्या दोन खोल्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, सकाळच्या ‘मोकळं बोलू’ या रेडिओ कार्यक्रमाचा माजी निवेदक, वय एकाहत्तर, राहणार वरचा मजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबावाखाली येणारा असतो, तर एवढी वर्षे माईकसमोर बसून सरकारशी भांडलो नसतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. विरोधकांनी तो जरूर पाहावा.

लग्न केले नाही, मूलबाळ नाही, आईवडील गेले. सख्खी अशी एक मोठी बहीण, खालच्या मजल्यावर.

१. वडिलांच्या कानशी आणि पकड कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला द्याव्यात. वडीलही रस्त्याकडेला किल्ल्याच बनवायचे आणि तेवढ्यासाठी परवान्याच्या खिडकीवर खेटे घालायचे. माणसाला त्याचे काम करू द्या, हे माझे सगळे राजकारण त्या खिडकीसमोर सुरू झाले. लोकांना वाटते ते मी पुस्तकातून उचलले.

२. हेडफोन स्टुडिओतल्या ध्वनितंत्रज्ञाला. काचेपलीकडून त्याने केलेले हातवारे, एवढे एकच नियंत्रण मी आनंदाने मानले.

३. ज्या संपादकाने मला ‘श्रीमंतांचा पोपट’ म्हटले, त्याला माझी फिरती खुर्ची. तिचे एक चाक निखळते, जपून बसावे. त्याची मते मला साफ चुकीची वाटतात. पण मला गप्प बसवा, असे त्याने कधी लिहिले नाही. त्याबद्दल मी त्याचा मनापासून ऋणी आहे.

४. माझ्या नावाने रस्ता, चौक, पुरस्कार काही नको. स्टुडिओत कोणाला सक्तीने उभे करून शोक पाळायला लावू नये. ज्याला वाईट वाटेल, त्याने बसून वाटून घ्यावे.

५. माझ्या दोन्ही खोल्या ताईला. येथे खुलासा करणे भाग आहे.

आई गेल्यावर ताईने मला वाढवले. माझे अक्षर तिनेच वळवले. जन्मभर तिने सरकारी शाळेत शिकवले. एकदा कार्यक्रमात मी म्हणालो, “सरकारी शाळा बंद झाल्या तरी काही बिघडणार नाही...” आणि तासाच्या ठोक्याला बातम्या आपोआप सुरू झाल्या. आमच्याकडे बातम्या निवेदकासाठी थांबत नाहीत, घड्याळाकडे बघूनच बोलावे लागते. मी तावात होतो. संध्याकाळी जिना उतरून गेलो, तर ताई दारातच म्हणाली, “सगळ्या गावाने ऐकलं. आता मला समजावू नकोस.” तेव्हापासून तिने बोलणे टाकले. मी आजारी पडलो की जिन्यावर जेवणाचा डबा दिसतो, पण ती दार वाजवत नाही.

उरलेले वाक्य असे होते: “...कारण माझ्या ताईसारखी बाई झाडाखाली बसली, तरी तिथे शाळा भरते.” पहिला अर्धा भाग मी आजही मागे घेत नाही. दुसरा तिला ऐकवायचा राहिला, याचे मला फार वाईट वाटते.

ताई हल्ली जिन्याच्या पायऱ्यांवर मुलांना शिकवते. म्हणून वकिलांनी मसुद्यात ‘केवळ शिकवणीच्या उपयोगासाठी’ असे घातले होते. ते मी खोडले. तिने वर्ग भरवावा, भाडेकरू ठेवावा, खोल्या विकून टाकाव्यात, नाहीतर सरकारला दान कराव्यात. शेवटचे लिहिताना हात जड झाला, पण लिहिले.

पुरवणी, सही करण्यापूर्वी: दुसरे साक्षीदार म्हणून ठरलेले औषध दुकानदार आलेच नाहीत. वकील खाली कोणी मिळते का पाहायला गेले आणि ताईला घेऊन आले. वाचल्याशिवाय सही करणारी ती नव्हे. तिने उभ्यानेच सगळे वाचले. पाचव्या कलमाशी थांबली, चष्मा पुसला, पुन्हा वाचले.

“हे आधी सांगता आलं नाही तुला?”

“तूच म्हणालीस, समजावू नकोस.”

“आयुष्यात कधी माझं ऐकलं नाहीस, आणि नेमकं तेवढंच ऐकलंस!”

वकिलांनी घाईघाईने सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केली तर तिला खोल्यांवर पाणी सोडावे लागेल.

“सोडलं,” ताई म्हणाली. “यानं वाक्य पुरं केलं, याची साक्ष दुसरं कोण देणार?”

मी विरोध केला. तिने माझ्या हातातले पेन काढून घेतले. तेव्हा वकिलांना हसू आवरेना. ते म्हणाले, पाचवे कलम रद्द झाले, तर या खोल्या कायद्याने सर्वांत जवळच्या नातेवाइकाकडे, म्हणजे ताईकडेच जातात. सरकारच्या एका कायद्याला माझी काहीही हरकत नाही, असे मी प्रथमच आणि लेखी नमूद करतो.

ठिकाण: वरच्या मजल्यावरची बाहेरची खोली
दिनांक: आजचा, सोमवार, सकाळ
सही: माजी निवेदक, धाकटा भाऊ
साक्षीदार १: वकील
साक्षीदार २: मोठी बहीण, निवृत्त शिक्षिका, सरकारी शाळा (शेवटच्या दोन शब्दांखालची रेघ तिने स्वतः मारली आहे.)