कॉलरमधली चमेली

५ नोव्हेंबर १९९५, मयूर विहार

मैत्रेयी, लिही! – "आजी, तूच शीक ना यार लिहायला." सत्तरीत? अक्षरं तुझी, शहाणपण माझं. चलो.

या नातीनं पहिल्या पगारातून विलायती सेंट आणलं. म्हणे, सुवासाचे तीन थर असतात. टॉप नोट – आधी दरवळतो, लगेच उडतो. मग हार्ट नोट. आणि शेवटपर्यंत चिकटून राहतो तो बेस नोट. म्हटलं, म्हणजे पाहुणे, सोयरे आणि सासू!

सूनबाई हसली नाही. पंचवीस वर्षं झाली, अलका माझ्या विनोदाला हसत नाही.

८ नोव्हेंबर

मीही अत्तरं जमवायला लागले, पाच बाटल्या झाल्या. लेबल वाचता येत नाही, म्हणून मानेला दोरे बांधलेत. वाळ्याला हिरवा, केवड्याला पिवळा, मोगऱ्याला पांढरा. मैत्रेयी चिठ्ठ्या वाचूनही चुकते, मी नाही!

"शोकेसमध्ये दुकान मांडताय का, आई?" – अलका.

९ नोव्हेंबर

खरं सांगते. संग्रह हे निमित्त.

थंडी पडली की हे कानात हिन्याचा फाया ठेवून ऑफिसला निघत. आधी वास दाराबाहेर जाई, मग हे. जाऊन तीन वर्षं झाली. लोकरी कोट माझ्या कपाटात आहे, कॉलरमध्ये वास आहे – पण विरत चाललाय. काल तर चार वेळा हुंगावं लागलं. तो संपायच्या आत तस्साच बाटलीत मिळायला हवा.

१२ नोव्हेंबर

मैत्रेयी नि मी चांदणी चौकात गेलो, कोट पिशवीत घालून. म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं डोळे मिटून कॉलर हुंगली. "ऊपर हिना, अम्मा. नीचे संदल, यानी चंदन. और एक चीज़ है – चमेली. बालों का तेल. ज़नाना."

चमेली? मी जन्मभर खोबरेलवाली!

"मग मला कशी कळली नाही?" विचारलं. म्हणाला, "जो खुशबू रोज़ घर में रहे, नाक उसे भूल जाती है."

महिन्याभरात बनवून देतो म्हणाला. "चमेली डालूँ?"

बिल्कुल नहीं!

१३ नोव्हेंबर

फोटोला विचारलं, कोण हो ही चमेलीवाली? फोटो हसतोय. नेहमीसारखा.

१७ नोव्हेंबर

मी मुनिरक्याला, भाचीकडे चाललेय. सुनीती आठ दिवसांपासून बोलावतेय, हे सांगायला. खरं म्हणजे रुसून. कुणावर? गेलेल्या माणसावर! मैत्रेयी, हसू नको, लिही.

२६ नोव्हेंबर

परतले. दारात अलका पाया पडायला वाकली – आणि चमेली! तिच्या केसांना. रोजचीच असणार. नऊ दिवस लांब राहिले तेव्हा नाकाला कळली.

कोट पुढे केला. तिनं कॉलरवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुम्ही भजनाला गेलात की काढते, आई. डोकं टेकवून बसते जरा. बाबांनी मला कधी सून मानलंच नाही. लेकच म्हणायचे."

कोट आता पंधरा दिवस तिच्या कपाटात, पंधरा दिवस माझ्या.

अत्तरवाल्याला कळवा – चमेली घालूनच बनव.