टोपाची आतली बाजू

प्रिय अलीम,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेला. खोडणार होतो, पण आमच्या अक्षताच्या शाळेच्या जुन्या वहीत एवढीच कोरी पानं उरली आहेत आणि पहिल्याच ओळीत खाडाखोड बरी दिसत नाही, म्हणून राहू दिला. त्यावरून काही अंदाज बांधू नकोस. आठ महिने मी तुझ्याशी बोललेलो नाही आणि तुझा नंबर अजूनही ब्लॉक आहे. फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू मध्ये बोलला असतास. मला एका दमात सांगायचं आहे, आणि पत्र वाचताना तरी तुला गप्प बसावं लागतं. अक्षता हे फरजानाभाभींच्या हातात देईल. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही.

तुझ्यावर मात्र राग आहे, आणि तो जुना झाला म्हणून कमी झालेला नाही. या भानगडीत मला ओढलंस ते तूच. मी सळयांच्या मिलमध्ये क्रेनवर बसून, वरून खालच्या माणसांची टाळकी बघत सुखाने नोकरी करत होतो. बियाण्याच्या कारखान्यातला तो कल्याण तुझ्या दुकानात आला, लोखंड घालून एकमेकांना बदडणाऱ्या माणसांचा व्हिडिओ त्याने मोबाइलवर दाखवला आणि असं काही बनवशील का म्हणून विचारलं. तू तेव्हा कूलरचा पत्रा वाकवत होतास. लगेच हो म्हणालास, आणि माप घ्यायला मला बोलावलंस, कारण माझी छाती तुझ्या कपाटाच्या दारापेक्षा थोडीच लहान आहे. हे तुझेच शब्द. कल्याण त्याला चिलखत म्हणायचा, तू बख्तर म्हणायचास आणि आमच्या घरात बेबीनंदा डबा म्हणायची. 'चालले डब्यात बसायला,' हे तिचं रविवार सकाळचं ठरलेलं वाक्य होतं.

कल्याणचा हट्ट तुला आठवत असेल. चारशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जे नव्हतं ते अंगावर दिसता कामा नये. घड्याळ काढा, चष्मा काढा, नट-बोल्ट नको, रिव्हेटच मारा. तू मान डोलवायचास आणि मग माझ्या टोपाच्या आत स्कूटरच्या सीटचा स्पंज भरून वरून रजईचं कापड शिवायचास, त्याला दिसू नये म्हणून. तेव्हा मला तुझं फार कौतुक वाटायचं. माणूस किती काळजी घेतो, असं मी बेबीनंदाला सांगायचो. आता वाटतं, त्याच वेळी ओळखायला हवं होतं की हा समोर मान डोलवतो आणि मागे आपल्याला हवं तेच करतो.

ते लोखंड एकट्याला चढवता येत नाही. पाठीवरचे चार पट्टे दुसऱ्यानेच आवळावे लागतात. तू स्वतः एकदाही रिंगणात उतरला नाहीस, पण सात वर्षं दर रविवारी एमआयडीसीमागच्या त्या मोकळ्या प्लॉटवर माझ्या पाठीमागे तूच असायचास. शेवटचा पट्टा आवळला की पाठीच्या पत्र्यावर एक थाप मारून म्हणायचास, 'जा राजा.' ती थाप पडल्याशिवाय मी आत गेलेलो नाही. आणि आत गेल्यावर मला काय वाटायचं हे मी फक्त तुलाच सांगितलं होतं. धावड्याहून जालन्याला आल्यापासून, नोकरी असो की भाड्याची खोली, माणसं आधी माझं आडनाव विचारतात आणि मग त्यांचा चेहरा बदलतो. टोप डोक्यावर आला की कुणी काही विचारत नाही. समोरचा फक्त माझी तलवार कुठून येते ते बघतो. तू म्हणाला होतास की तुलाही हे समजतं. समजत होतं म्हणूनच तू जे केलंस ते जास्त वाईट आहे.

जानेवारीतली ती सकाळ मी विसरणार नाही. पुण्याच्या मेळाव्याला निघायचं होतं. एकेरी लढतीच्या यादीत पहिल्यांदा माझं नाव छापलं होतं, आडनावासकट. तो कागद मी बेबीनंदाला दाखवला होता, अक्षताला दाखवला होता, मिलच्या गेटवरच्या वॉचमनलासुद्धा दाखवला होता. टेम्पोत सामान चढत होतं. तू उशिरा आलास. हातात माझा टोप होता, कानांच्या वरून ग्राइंडरने आडवा कापलेला. दोन्ही तुकडे माझ्या पायाशी ठेवून सगळ्यांसमोर म्हणालास, 'हा आता लढणार न्हाई. ह्याच्या डोक्याला मार बसून राह्यला अन् हा कुणाला सांगून न्हाई राह्यला. कुणाला टोप द्यायचा आसंल तर द्या, पट्टे मी बांधणार न्हाई.' कुणी टोप दिला नाही. माझ्या जागी तुझा भाचा मुजाहिद गेला. मी अंगात अर्धं लोखंड घालून प्लॉटवर उभा राहिलो आणि टेम्पो निघून गेला.

टेम्पो निघण्याआधी सगळ्यांसमोर मी काय बोललो ते तुला पाठ असेल. भाच्याला जागा मिळावी म्हणून तू हे केलंस, असं मी म्हणालो. पुढे म्हणालो की शेवटी तू तुझ्या लोकांचंच बघणार. तू मोटारसायकलला किक मारलीस आणि गेलास. मुजाहिदला तर जायचंही नव्हतं, त्याचा पेपर होता. हे मला बोलताना माहीत होतं. 'तुमचे लोक' हे शब्द कसे लागतात हे मला तरी कुणी शिकवायला नको. तरी मी ते बोललो, कारण तुला लागेल असं दुसरं काही त्या क्षणी हाताशी नव्हतं.

पण गाऱ्हाणं माझंही आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी बाभळीखाली मला उलटी झाली, तेव्हा पाणी तूच दिलंस. मी म्हणालो, ऊन लागलं. तेवढ्यावर राहायचं होतंस. तू माझी शिफ्ट बघून, मी मिलमध्ये असताना माझ्या घरी गेलास आणि बेबीनंदाला सगळं सांगून आलास. सोयरा असल्यासारखा चहा पिऊन आलास. तेव्हापासून मी घरात आजारी माणूस झालो. जेवताना ती मला विचारायची, काल भाजी कोणती होती. मला कधी सांगता यायचं नाही, पण दुधी कुणाच्या लक्षात राहतो? शेवटी मी डॉक्टरकडे गेलो. त्याने डोक्याचे फोटो काढले आणि काय सांगितलं ते कागदावर लिहून दिलं. बेबीनंदाला मी सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. तो कागद क्रेनच्या केबिनमध्ये सीटखाली ठेवला. तिथे माझ्याशिवाय कुणी चढत नाही.

आता घरची खबर. अक्षता बारावीला गेली. तुझी इरम तिला गणित समजावून सांगते, म्हणजे आपल्या दोघांपेक्षा त्यांना जास्त अक्कल आहे. मी दुसरा टोप मागवला. पंजाबातला एक जण बनवतो, कुरियरने आला. बनावट चांगली आहे, तुझ्यापेक्षा सफाई जास्त आहे, हे मुद्दाम लिहितोय. स्पंज नाही, कापूस आहे, कल्याणला आवडेल असा. दिवाळीनंतरच्या मेळाव्यासाठी कल्याणने पुन्हा विचारलं आहे आणि या रविवारपासून सरावाला येतो असं मी त्याला कळवलं आहे. बेबीनंदाला यातलं काही माहीत नाही. टोप पलंगाखाली गोधडीत गुंडाळून ठेवला आहे.

तुझ्या कापलेल्या टोपाचा खालचा भाग मी भंगारात दिला. वरची वाटी बेबीनंदाने ठेवून घेतली. पावसाळ्याच्या तोंडाला तिने त्या वाटीला भोकं पाडून कढीपत्ता लावायचं ठरवलं. रजईचं कापड फाडलं, स्पंज उपसला आणि मला हाक मारली, की हे आत काय लिहिलंय. मी बघितलं. डाव्या बाजूला, कानशिलाच्या वर, पत्र्यावर खिळ्याने ओढलेल्या बारीक रेघा. प्रत्येक रेघेखाली त्या पोच्याची तारीख, पहिली दोन वर्षांपूर्वीची. एकतीस. दर सोमवारी तू टोप नेऊन आतून ठोकून पोचे काढायचास आणि मंगळवारी परत द्यायचास. मला वाटायचं तू फक्त पोचे काढतोस. तेव्हा माझं टाळकंच सरकलं. दोन वर्षं तू माझा हिशेब ठेवत होतास आणि मला सांगितलं नाहीस, असं मी बेबीनंदाला म्हणालो. ती माती भरत म्हणाली, 'त्यांनी सांगितलं नव्हतं का?' तू दर मंगळवारी सांगायचास. 'राजा, ढाल खाली येऊन राह्यली, डावी बाजू उघडी पडते.' मी म्हणायचो, तू कूलर बनव. कढीपत्ता चांगला फुटला आहे.

आपल्या खेळात पंच फक्त मोडतोड बघायला असतो. वार बसला की नाही, हे ज्याला बसला त्यानेच सांगायचं. हात वर करून 'लागला' म्हणायचं, तीनदा म्हटलं की बाहेर. मी त्यात कधी चोरी केली नाही. नुसती कड घासून गेली तरी हात वर करायचो आणि कल्याण नवीन लोकांना माझं उदाहरण द्यायचा. मला त्याचा माज होता. त्या जानेवारीच्या सकाळी तू सगळ्यांसमोर मला चोर ठरवलंस, हे खरं दुखणं आहे. टोपाचं काही नाही, टोप दुसरा मिळतो.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते. गेल्या मंगळवारी मी क्रेनवर होतो. सळयांचा गठ्ठा साखळीला होता आणि खाली वसंता उभा होता, हाताने खूण करत. ती खूण मी सोळा वर्षं रोज बघतो. त्या दिवशी मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मला तिचा अर्थच कळेना. वर घे म्हणतोय, खाली सोड म्हणतोय की थांब म्हणतोय, काहीच कळेना. हाताखाली दोन दांडे होते आणि कोणता कशाचा ते आठवेना. हात मात्र आपोआप हलला. गठ्ठा वसंता उभा होता तिथेच उतरला. तो मागे उडी मारून पडला म्हणून वाचला, कोपर सोललं तेवढंच. वर बघून त्याने शिवी दिली ती ब्रेकला. ब्रेक घसरला म्हणून त्यानेच तक्रार लिहिली, मेकॅनिक दोन तास ब्रेक उघडून बसला, आणि मी घाबरलो असेन म्हणून वसंता माझ्यासाठी शिडी चढून चहा घेऊन आला. त्या कागदावर बसून मी तो चहा प्यायलो. डॉक्टरने लिहिलं आहे की डोक्याला धक्का चालणार नाही आणि उंचावर, यंत्रावर काम चालणार नाही. तेव्हापासून पाठ दुखते म्हणून रजेवर आहे. सोमवारी रजा संपते. मिलमध्ये खरं सांगायचं म्हणून रोज सकाळी उठतो आणि गोधडी सोडून टोप घालून बघतो. घातला की वाटतं मी ठीक आहे. दोनदा कापायला काढला आणि दोनदा पुसून परत ठेवला. तो घरात आहे तोवर मी खरं बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून रविवारी नऊच्या आत ये, दहाला सराव आहे आणि मी निघून जाईन. येताना ग्राइंडर आण. मला काही विचारू नकोस, बेबीनंदाला मी आधी सांगून ठेवीन. कापून झाला की मिलपर्यंत माझ्याबरोबर चल, साहेब रविवारीही अकराला येतात. साहेबांच्या केबिनमध्ये मी एकटाच जाईन. तू फक्त दारापर्यंत ये, आणि मी आत जाताना पाठीवर थाप मारलीस तर मी नको म्हणणार नाही. सगळ्यांसमोर केलंस ते मी विसरलेलो नाही. सगळ्यांसमोर मी जे बोललो ते तूही विसरू नकोस, त्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी त्याच प्लॉटवर, त्याच लोकांसमोर म्हणेन. तुझ्या रेघांबद्दल मात्र आत्ताच सांगतो. लागला, अलीम. एकतीसच्या एकतीस.

तुझाच (हा शब्द बघून लिहिला आहे),
राजानंद