दोन दिवस ओला, मग कोरडा

बाबा,

गच्चीवर तुम्ही बादली खाली ठेवलीत, त्या क्षणी सगळं बदललं. मे महिन्यातली सकाळ होती. टाकीजवळची भेग आपण लेटेक्स, म्हणजे रबरी चीक, घातलेल्या सिमेंटच्या मसाल्यानं बुजवली होती आणि तिसऱ्या दिवशीही तुम्ही तिच्यावर मगानं पाणी शिंपडत होता. "उन्हाळ्यात सिमेंट तहानेनं मरते रे," हे तुमचं नेहमीचंच. शेजारच्या गच्चीवर शेजाऱ्यांची मुलगी, जिच्यावर माझा जीव होता ती, कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू जावं म्हणून मी आवाज चढवला. "किती वेळा सांगायचं? हा साधा मसाला नाही. दोन दिवस ओला, मग कोरडा! पाणी उडालं की आतलं ते पांढरं दूध साय धरतं, तेव्हा पकड येते. भिजवत ठेवलं तर धरतच नाही. फॅक्टरीत जिंदगी काढली, इतकंही कळत नाही?"

"काहून ओरडून राहिला?" एवढंच म्हणालात. मग बादली ठेवून, हसून, "चलो, साहेब म्हणतात तर तसं."

माझं म्हणणं खरं होतं, याचीच आज जास्त लाज वाटते. तो तुकडा अजून नखाला दाद देत नाही. पण तुमचे साहेब तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात होतेच कुठे? शेजारच्या त्या मुलीवरून वर्गातल्या एकाला मारून मी रागारागात कॉलेज सोडलं होतं. रोज बॅग घेऊन निघायचो आणि नदीकाठी ग्वारीघाटावर बसून यायचो.

त्याच महिन्यात तुम्ही पुढच्या दाराची पायरी केलीत. साध्या सिमेंटची, लेटेक्सचा थेंब नाही. तिला आठवडाभर तरी पाणी हवं होतं. तुम्ही दोन दिवस दिलं आणि थांबलात. समोरचे भैया फाटकातून विचारतात, "क्यों बाबूजी, पानी बंद? मई में सुखा के मारोगे क्या?" तुम्ही म्हणता, "हमारे इंजिनियर साहब का ऑर्डर है." ते खो खो हसतात. तुम्ही हसत नाही. तुम्ही ते अभिमानानं म्हटलेलं असतं.

एक वाक्य पुरलं असतं: बाबा, हिला पाणी द्या. पण मी अबोला धरलेला, आणि तोंड उघडलं की तुम्ही कॉलेजचं विचाराल ही धास्ती. पावसाळ्यात पायरीची कड भुगा होऊन गळली. "माझाच हात बसला नसेल," म्हणालात. त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात.

तिचं लग्न होऊनही वर्षं झाली. नजर तरी त्या गच्चीकडे जातेच. आहेच मी तसा. काल मी ती पायरी फोडून नवी केली, साध्याच सिमेंटची.

हे पाठवणार कुठे? एकच सांगायचं राहिलं. भैया हसले तेव्हा मी घरात नव्हतो, असं आईला सांगितलं होतं. मी याच दारामागे उभा होतो, कडीवर हात ठेवून.

बादली भरून ठेवली आहे. कागद इथेच राहू दे. ऊन चढायच्या आत पायरीला पाणी द्यायला हवं. उठतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.