मनस्वीच्या मागची लाल बत्ती

प्रिय इंदू,

अक्षर वाकडं आलंय, कारण आडवं पडून लिहितोय. फोनच केला असता, पण खंडेराव गेटच्या आपल्या या दोन खोल्यांत शिंकलं तरी पलीकडे ऐकू जातं आणि हे मनस्वीच्या कानावर जायला नको. म्हणून लिहून झालं की कागदाचा फोटो पाठवतो. मयुराला दाखवू नकोस. लेकीचे दिवस भरत आलेत, तिला घोर नको.

आधी तुझ्या या सुनेचं कौतुक. नाशिकला लेकीकडे निघताना तू तिला काळी साडी, काळी शाल आणि स्वतः विणलेला काळा स्वेटर दिलास आणि बजावलंस की आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला नवी सून रथसप्तमीपर्यंत काळंच घालते. पोरीने ते शिरसावंद्य मानलं. शेजारच्या मिश्राजींच्या बायकोने ‘हाय दैया, त्योहार पे काला?’ म्हणत कपाळाला हात लावला, तर ही ताठ मानेने म्हणाली, ‘हमारी सासूजी ने बुना है.’ मला असा काही आनंद झाला! इथल्या आपल्या कितीतरी घरांत पोरांना आता मराठी नुसतं समजतं, आणि ही परक्या अंगणात आपली रीत सांभाळून उभी होती.

पण इंदू, तू गेलीस आणि इथे धुकं उतरलं. सकाळी समोरचा कडुलिंब दिसत नाही. तशात ही काळ्या कपड्यांत, काळ्या सायकलवर, बरुआसागर रस्त्यावरच्या शाळेत शिकवायला निघते. त्या रस्त्याने गिट्टी-खडीचे ट्रक कसे सुटतात ते तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून पाहिलं. पानाच्या टपरीपर्यंतसुद्धा ती दिसली नाही.

माझं रेल्वेच्या नोकरीतलं चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट मी तिच्या हँडलला अडकवलं. तिने नीट घडी करून परत ठेवलं. म्हणाली, ‘बाबा, बच्चे हसतील. आणि आईंनी सांगितलंय ना, रथसप्तमीपर्यंत.’ मागे लाल बत्ती बांधून दिली, तर म्हणे मला पोरं मालगाडी म्हणतील. आपला स्वानंद इथे असता तर त्याने समजावलं असतं, पण तो ट्रेनिंगला भुसावळला. सासऱ्याने सुनेच्या कपड्यांवरून किती हुज्जत घालायची? मी गप्प बसलो.

गप्प बसलो म्हणजे काय, तू मला ओळखतेस. ती निघाली की मी दुधाची बरणी घेऊन माझ्या सायकलवर बाहेर पडायचो. जाकीट अंगात, बत्ती कॅरिअरला, आणि तिच्या मागे अंतर राखून मी. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गार्डगिरी केली, त्याचीच सवय. ती शाळेच्या फाटकात वळली की मी माघारी. तिला पत्ता नव्हता. हसू नकोस.

मंगळवारी धुकं फारच होतं. मागून ट्रक आला आणि त्याचे ब्रेक करकचून वाजले. तो मला घासून गेला, मी सायकलसकट नाल्यात. पुढे मनस्वी पायडल मारत निघून गेली. ड्रायव्हर बिचारा भला माणूस. उतरला, मला उचललं, हात जोडून म्हणाला, ‘बाबूजी, आपकी बत्ती दिख गई, नहीं तो अनर्थ हो जाता.’ मी विचारलं, ‘और आगे जो बिटिया जा रही थी, वह दिखी?’ त्याने वळून धुक्यात पाहिलं. म्हणाला, ‘आगे? आगे तो कोई था ही नहीं, बाबूजी.’

तेव्हापासून मला झोप नाही. पाय मोडलाय. प्लास्टर आहे, बरा होईल, त्याची काळजी नको. घाबरवून सोडतो म्हणून रागावशील, पण रागवायला सावकाश ये. मनस्वीला मी सांगितलंय की दूध आणताना घसरलो. खरं कळलं तर ती माझ्या पायाचं पाप जन्मभर डोक्यावर घेऊन फिरेल. चहा, जेवण सगळं ती हातात आणून देते, त्याच काळ्या स्वेटरात, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. तुझ्या विणकामाला मी नावं ठेवत नाही, इंदू. तुझ्या हौसेलाही नाही. पण तुझा शब्द ती माझ्या सांगण्यावरून मोडणार नाही. तो तुझा तुलाच मागे घ्यावा लागेल. आज संध्याकाळीच तिला फोन कर. माझं नाव न घेता सांग की काळं पुष्कळ झालं, आता बाबांचं नारिंगी जाकीट घालून जा, सासूचा हुकूम आहे. बत्तीही लावायला सांग. रथसप्तमीची वाट पाहू नकोस. बुधवारपासून थंडीमुळे शाळेला सुट्टी होती, ती आज संपली. उद्या सकाळी ती निघेल, आणि तिच्या मागे मी नसेन.

तुझाच,
हरिभाऊ