धुक्यातला हॉर्न

अण्णा, मागच्या रविवारी मी दौंडला तुमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांकडे गेले होते. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या घरी मी पाऊल ठेवलं नव्हतं. आता तुमच्या नातीचं त्यांच्या नातवाशी जमलं आहे. आम्ही कुणी जमवलं नाही, सणसवाडीच्या कंपनीत एका लाइनवर काम करता करता त्या दोघांनीच ठरवलं. तिनं घरी सांगितलं तेव्हा मी पोळ्या करत होते. मुलाचं आडनाव ऐकलं आणि आधी गॅस बंद केला. ती म्हणाली, "आई, आजोबांच्या अपघाताची चौकशी माझ्या लग्नात कशाला लावतेस?" मी म्हटलं, मला थोडे दिवस दे. खरं तर मला काय हवं होतं ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. ज्या माणसाच्या मोटारसायकलवर आदळून माझा बाप गेला, त्यानं ते मुद्दाम केलं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

तुम्ही आठवीला शिकवायचात ती दोन बोटींच्या खऱ्या टकरीची गोष्ट मला अजून पाठ आहे, कारण मी ती दोनदा शिकले. वर्गात तुम्हाला सर म्हणून आणि त्याआधी स्वयंपाकघरात अण्णा म्हणून. तुम्ही कणकेच्या परातीत पाणी घेता, त्यात दोन वाट्या सोडता, मोठी वाटी इटलीची आणि लहान वाटी स्वीडनची. आई मागून म्हणते, "परात घेतली मास्तरांनी. आता पोळ्या काय बोटीवर लाटू?" तुम्ही तिच्याकडे लक्ष न देता मला सांगता की दोन्हींवर प्रवासी झोपलेले आहेत, नाचगाणी नुकती संपली आहेत, आणि दोन्हींवर रडार आहे. तुम्ही वाट्या समोरासमोर आणता. मोठी बोट धुक्यात आहे, तरी वेग फारसा कमी केलेला नाही, कारण सकाळी बंदरात वेळेवर पोचायचं आहे. लहान बोटीवर आकाश मोकळं आहे. तिच्यावरचा तरुण अधिकारी रडारवर समोरची बोट बघतो आणि तिचे दिवे दिसायची वाट बघत राहतो. पुढे धुकं आहे, ती बोट त्या धुक्यात आहे, हे त्याला माहीतच नाही. एकाला वाटतं आपण उजवीकडून पार होऊ, म्हणून तो आणखी डावीकडे सरकतो. दुसऱ्याला वाटतं आपण डावीकडून पार होऊ, म्हणून तो आणखी उजवीकडे सरकतो. दोघेही समोरच्याला जागा करून देत असतात. मग तुम्ही वाट्या सोडून द्यायचात आणि लहान वाटी मोठीच्या कुशीत जाऊन लागायची.

वर्गात तुम्ही विचारायचात, "कारण काय?" सगळी पोरं एका सुरात म्हणायची, "धुकं, सर." तुम्ही फळ्यावर धुकं असं लिहून ते लगेच पुसायचात. धुकं तर दरवर्षी असतं, तिथून हजार बोटी जातात. मग पोरं एकेक कारण काढायची. वेग. रडारवरचं अंतर चुकीचं वाचलं असेल. टिपण ठेवलं नाही. समोरासमोर आलं की दोघांनी उजवीकडे वळायचं हा समुद्राचा नियम, तो एकानं पाळला नाही. तुम्ही सगळं लिहून घ्यायचात आणि शेवटी सांगायचात की मोठी बोट सारखा भोंगा वाजवत होती आणि समोरून उत्तर येत नव्हतं. दोन्हींवर वायरलेस होता. एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही, बाबा, तू कुठल्या बाजूनं जातोस. कुणाची चूक, हे मात्र तुम्ही कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचात, मालकांनी कोर्टाबाहेर आपसात मिटवलं, चौकशी तिथंच थांबली, त्यामुळे निकाल नाही. मला तेव्हापासून ते खटकायचं. इतकी माणसं गेल्यावर निकाल लागू न देणारे मालक काहीतरी लपवत असणार, असं मी तुम्हाला म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, "दोघंही लपवत असतील."

त्याच वर्षी गणिताचे सर तुमच्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसले. तुमची इतक्या वर्षांची दोस्ती, कुणाला काही वाटलं नाही. तुमचं झाल्यावर ते उठले, तुमच्या हातातला खडू घेतला, फळ्यावर दोन रेघा आणि एक कोन काढला आणि म्हणाले, "मोठ्या बोटीचा कप्तान चुकला. डावीकडं वळला. विषय संपला." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या सरांना उत्तर नको असतंय. गोष्ट पाहिजे असतीय." वर्ग हसला. मी पहिल्या बाकावर होते, मला तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही म्हणालात, "तासाला आलात, बरं वाटलं." त्यानंतर तुम्ही दोघं बोलेनासे झालात. गावाला हे पटलं नाही. परदेशातल्या दोन बोटींवरून शिरूर तालुक्यातले दोन मास्तर अबोला धरतात, असं कोण मानेल. मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती, तुमची दोघांची नोकरी जवळपास सारखी झाली होती, तेव्हा खरं कारण ते, असं सगळे म्हणायचे. मीही पुढे तेच धरून बसले, कारण तुम्ही गेलात आणि पुढच्याच जूनमध्ये ते मुख्याध्यापक झाले.

तुम्ही शिरूरहून स्कूटरवर सकाळी लवकर शाळेला निघायचात आणि ते त्याच वेळी शाळेच्या गावातून मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन शिरूरला डेअरीत यायचे, शाळा भरायच्या आत परत जायचे. न्हावऱ्याच्या रस्त्यावर कालव्याच्या चारीच्या पुलापाशी तुमची रोज गाठ पडायची. त्या दिवशी ऊस आणि चारी मिळून इतकं धुकं होतं, की लोक म्हणतात बैलगाडीवाले खाली उतरून कासरा धरून चालत होते. पंचनाम्यात लिहिलं, स्कूटर चुकीच्या बाजूला. तुमच्या बाजूला तुम्ही नव्हतात, त्यांच्या बाजूला होतात. तुमचं डोकं पुलाच्या कठड्याला लागलं, त्यांचा पाय मोडला. दहाव्याला आलेला एक जण मांडवाबाहेर म्हणाला, "मास्तरला बोटीचं याड हुतं. रोडला बी बोटीचा नियम लावला, वळला उजवीकडं." दोन-तीन लोक हसले. मी आत पाणी भरत होते. तुम्ही इतके जपून गाडी चालवायचात की आई म्हणायची, यांच्या पुढनं सायकलवाले जात्यात. तुम्ही विनाकारण उजवीकडे जाणार नाही, म्हणजे ते तुमच्या अंगावर आले असणार, तुम्ही वाचायला वळला असणार, आणि नंतर त्यांनी गाड्या सरकवल्या असणार. माझ्या डोक्यात हे असं जुळलं आणि पुढे कधी सुटलं नाही. चार मोठी माणसं घरी आली, आईनं पदर सावरून एवढंच सांगितलं, "मिटवा. त्यांनाबी लेकरं हायती." ते मिटलं. तेव्हा मला तुमच्या बोटींचे मालक आठवले.

दौंडला त्यांचं घर रेल्वे लाइनच्या बाजूला आहे, मालगाडी गेली की बोलणं थांबवावं लागतं. मुलगा कुरकुंभला शिफ्टला गेला होता, सुनेनं चहा ठेवला आणि ती आत निघून गेली, बहुधा सांगूनच ठेवलं होतं. ते आता फार वाळले आहेत, पाय तसाच ओढतात. मला बघून म्हणाले, "आई कशी हाय?"

"बरी आहे."

"मला शिव्या देती का अजून?"

"नाही. तुमचं नावच घेत नाही."

"म्हंजी देती," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला, मी आठवीत असल्यासारखा.

मी बशीला हात लावला नाही. इतकी वर्षं मनात ठेवलेलं वाक्य जसंच्या तसं बोलले. "सर, अण्णा तुमच्या बाजूला कसे आले?"

एक मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत ते थांबले, मग त्यांनी सांगितलं. तुमचा दोघांचा एक नियम होता म्हणे. गाठ पडायच्या जागी ज्याला थांबायचं असेल त्यानं दोनदा छोटा हॉर्न द्यायचा. ऐकणाऱ्यानं एकदा द्यायचा आणि आपल्या कडेला थांबायचं. हॉर्न देणारा रस्ता ओलांडून त्याच्याकडे यायचा, मग गाडीवर बसूनच सुपारी, दोन गोष्टी, की आपापल्या वाटेनं. अबोला झाल्यापासून हॉर्न बंद होता. शेजारून जायचात, माना सरळ.

"त्या दिवशी काही दिसत न्हवतं. लाइट लावला तर समोर पांढरी भिंत. पुलाच्या अलीकडं आलो आन् हॉर्न ऐकला. पीप-पीप. तुझ्या बापाचा." त्यांनी तो तोंडानं काढून दाखवला. "मला कळलं, आज हा बोलायला येतोय. आन् मला वाटलं, येऊ दे. पण आज न्हाई. उद्या बोलू. एवढे दिवस ह्यानं मान वळवली न्हाई, आज मी लगेच कशाला थांबू? मी हॉर्न दिला न्हाई. थांबलो बी न्हाई. ऐकलंच न्हाई असं करून सरळ निघालो."

"आणि अण्णा?"

"माझा हॉर्न ऐकू आला न्हाई तरी त्याला वाटलं असणार मी थांबलोय. तो माझ्या कडंला आला."

मी विचारलं, हे पोलिसांना का सांगितलं नाही, आईला का नाही. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मुद्दाम थांबला न्हाई." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आन् मुद्दामच थांबलो न्हवतो." निघताना त्यांनी नातवाचा विषय काढला नाही. मी काढेन म्हणून ते वाट बघत होते, की खरंच त्यांना तो विषय त्यात मिसळायचा नव्हता, हे मला ठरवता आलं नाही.

परत येताना न्हावऱ्याच्या पुढे मी गाडी हळू केली. चारीचा पूल आता रुंद झाला आहे, कठडाही लोखंडी आहे. तुम्ही बोलायला निघाला होतात, हे ऐकून मला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याचाच मला संशय यायला लागला. ते गणिताचे सर आहेत. उत्तर माहीत असलं की मागं जाऊन रीत मांडता येते. त्यांच्या सांगण्यात पंचनामा तसाच राहतो, तुम्ही चुकीच्या बाजूला, ते आपल्या बाजूला. वर थोडी चूक ते स्वतःकडे घेतात, ऐकणाऱ्याला विश्वास बसेल एवढीच. तुमचा हॉर्न त्यांना हुबेहूब काढता आला, पण तो त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता, त्यात सिद्ध काय झालं. आणि मग मला आठवलं. एका हिवाळ्यात तुमच्या स्कूटरचा हॉर्न बिघडला होता. तुम्ही संध्याकाळी गेटसमोर गाडी उभी करता आणि तोंडानं पीप-पीप करता, आई आतून म्हणते, "आली बोट," आणि मी हसत गेट उघडायला पळते. तो हिवाळा कोणता? तोच असेल, तर पुलावर त्यांनी ऐकलेला हॉर्न कुणाचा?

घरी आल्यावर मी आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. तिनं काड्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "हॉर्न चालत असंल, नसंल. तेवढ्या धुक्यात ते तोंडानं बी वाजवतील, त्यांचं काय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या लेकीला काय सांगणार हायेस ते बोल. ती सकाळपासून जेवली न्हाई."

तुमची मोडलेली स्कूटर ज्यांच्याकडे नेऊन टाकली होती, ते मिस्त्री अजून आहेत. शिरूरमध्ये शिरताना डाव्या हाताला त्यांचं गॅरेज आहे, आता मुलगा बघतो, ते बाहेर खुर्ची टाकून बसतात. त्या स्कूटरचे सुटे भाग त्यांनीच काढले. कुठल्या गाडीचं काय बिघडलं होतं हे ते कधी विसरत नाहीत, म्हणून लोक अजून त्यांनाच विचारायला येतात. हॉर्न चालू होता की नाही, हे जगात आता फक्त तेच सांगू शकतात. एक वाक्य पुरलं असतं.

तुमच्या नातीला मी होकार दिला आहे. तिनं मला मिठी मारली, मग बाहेर जाऊन फोन लावला. तुम्हाला आवडलं असतं की नाही, मला माहीत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं हाही प्रश्न नाही, ते इथंच कपाटात राहील. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. दौंडहून येताना मिस्त्री बाहेरच बसले होते. मला गाडीतून बघून त्यांनी हात वर केला. मी बघितलं नाही असं केलं आणि सरळ निघून आले.